पिवळ्या भुवईचा पक्षी

तो आधी ऐकू येतो. आफ्रिकेच्या काटेरी रानात, ऊन अजून कोवळं असताना, एखाद्या उंच झाडाच्या माथ्यातून एकाच सुराच्या चार-पाच शिट्ट्या एकापाठोपाठ येतात. प्रत्येक शिट्टी आखूड, गोल, स्वच्छ, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर सारखं. मग शेवटची शिट्टी तो सूर सोडते. कधी वर चढून लांबते, कधी खाली उतरून लांबते. पू-पू-पू-पू-पीऽऽ. थोडा विराम, की पुन्हा तेच. आधीच्या सगळ्या शिट्ट्या या शेवटच्या शिट्टीसाठी जागा करून देत असतात. कान त्या सारख्या लयीला सरावतो न सरावतो तोच सूर हलतो, आणि नेमक्या त्या हलण्याने ऐकणारा मान वर करतो.

हा ऑरेंज-ब्रेस्टेड बुशश्राइक, नारिंगी छातीचा बुशश्राइक. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या भागापर्यंत, काँगोचं घनदाट जंगल सोडून, जिथे काटेरी झाडांची रानं आणि नदीकाठची राई आहे तिथे तो राहतो. दुर्मीळ अजिबात नाही. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा किंवा लेटाबाच्या मुक्कामी छावणीत चहा पिताना डोक्यावरच्या झाडात तो असू शकतो, आणि बहुधा असतोच. तरीही कितीतरी लोक आठवडाभर त्या रानात राहून त्याला न पाहता परततात. रंगाने इतका उजळ आणि संख्येने इतका पुष्कळ असलेला पक्षी इतका कमी दिसावा, याचं मला पहिल्यापासून फार कुतूहल वाटत आलं आहे. त्याची ओळख पटवणं म्हणजे कशाकडे आधी बघायचं आणि कशाकडे नंतर, हा क्रम शिकणं. आणि तो क्रम त्याच्या नावाने सुचवलेल्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे.

आपल्याकडचा खाटीक पक्षी, म्हणजे श्राइक, ज्याने पाहिला आहे त्याची या पक्ष्याला शोधताना सुरुवातीला पंचाईत होते. खाटीक उघड्यावर बसतो. माळावरची तार, बोरीच्या झुडपाचा शेंडा, कुंपणाचा खांब, अशी मोक्याची जागा धरून तो खालच्या गवतावर नजर ठेवतो. दुर्बिणीची गरजही लागत नाही. बुशश्राइकचा सगळा व्यवहार आडोशाचा. तो पानांच्या आत शिरतो, फांदीवर एक-दोन उड्या मारतो, थांबतो, मान तिरकी करून पानाची खालची बाजू तपासतो, पुन्हा एक उडी. सुरवंट, भुंगे, नाकतोडे, मधमाश्या असं त्याचं खाणं, आणि ते सगळं त्याला पानाफांद्यांमध्येच मिळतं. उघड्या शेंड्यावर येऊन बसायची त्याला गरज पडत नाही. म्हणून शिट्टी आली की झाडाचा शेंडा धुंडाळण्यात अर्थ नाही. शेंड्याच्या थोडं खाली, जिथे पानांची दाटी सुरू होते, तिथे दुर्बीण स्थिर धरावी आणि हालचालीची वाट बघावी. आवाज फसवाही आहे. पक्षी मान वळवतो तसतशी शिट्टी जवळ-दूर होते, आणि एकाच पक्ष्याच्या जागी दोन असावेत असं वाटत राहतं.

पाहायला मिळतो तेव्हा बहुतेक वेळा आधी दिसते ती छाती, कारण आपण खाली उभे असतो. पोट पिवळंजर्द, आणि छातीवर त्या पिवळ्यात मिसळत गेलेली नारिंगी झाक. कडा कुठेही आखलेल्या नाहीत. नारिंगी कुठे संपतं आणि पिवळं कुठे सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येणार नाही. मग तो वळतो आणि पाठ, पंख, शेपटी यांचा शेवाळी हिरवा दिसतो, शेपटीच्या टोकाला पिवळं. आणि अगदी शेवटी, पान बाजूला झालं तर, डोकं. डोक्याचा माथा आणि मान राखाडी, पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली. नवखा माणूस इथे थांबतो. पिवळा, नारिंगी, हिरवा, राखाडी. पुस्तकात चित्र सापडलं, काम झालं. पण काम अजून सुरूच व्हायचं असतं. कारण हेच चार रंग, याच जागी, याच क्रमाने ल्यालेला दुसरा पक्षी त्याच रानात, कित्येकदा त्याच झाडावर असतो.

तो ग्रे-हेडेड बुशश्राइक, राखाडी डोक्याचा. आपला पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत १८-१९ सेंटिमीटरचा, वजनाने जेमतेम २७ ग्रॅमच्या आसपास. दुसरा २५ सेंटिमीटरचा आणि वजनाने जवळपास तिप्पट. एकाच ताग्यातून दोघा भावांचे कपडे बेतावेत तसे हे दोघे दिसतात. थोरल्याचंही डोकं राखाडी, पाठ हिरवी, खालचं अंग पिवळं, छातीवर नारिंगी झाक. आकारातला फरक पुस्तकात वाचून वाटतो की यात गोंधळ कसला? पण पंधरा मीटर उंचीवर, पानांच्या फटीतून, शेजारी मोजमापाला दुसरं काही नसताना, आकार सांगता येत नाही. उंच फांदीवरचा लहान पक्षी मोठा वाटतो, जवळच्या फांदीवरचा मोठा पक्षी लहान. आकाराच्या आधारावर ठाम बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमी थोडा संशय येतो.

म्हणून चेहऱ्याकडे यायचं. नारिंगी छातीच्या बुशश्राइकचं सगळं खरेपण त्याच्या चेहऱ्यात आहे. कपाळ पिवळं, आणि त्या पिवळ्याचीच एक रुंद भुवई डोळ्यावरून मागे गेलेली. भुवईच्या खाली, चोच आणि डोळा यांच्या मधून, काळी पट्टी. त्या काळ्यात काळा डोळा. राखाडी माथा, पिवळी भुवई, काळी पट्टी आणि पुन्हा पिवळा गळा: तीन रंगांचे चार आडवे थर, एकावर एक, आणि सगळे एका बोटाच्या रुंदीत. डोळा त्या काळ्या पट्टीत जवळजवळ मिटून जातो. त्यामुळे चेहऱ्यावर रोखलेली नजर नसते. चेहरा मवाळ दिसतो. हा मवाळपणा मनात साठवावा, कारण तो पानाआडून अर्ध्या क्षणासाठी दिसलेल्या चेहऱ्यातूनही जाणवतो.

थोरल्याच्या चेहऱ्यावर भुवईच नाही. कपाळापासून मानेपर्यंत सगळं सरसकट राखाडी, फक्त डोळ्याच्या पुढे पांढरा ठिपका. आणि त्या राखाडीतून पिवळा डोळा रोखून बघतो. चोच भली दांडगी, पुढे आकडा. ही चोच सुरवंटांसाठी घडलेली नाही. हा पक्षी मोठे किडे खातो, शिवाय पाली, सरडे, लहान साप, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं आणि कधी छोटे पक्षीही. शिकार मोठी असेल तर फांदीच्या बेचक्यात अडकवून तिचे लचके तोडतो. त्याच्या पंखांवर पिवळसर ठिपके असतात, तेही उपयोगी. पण एकदा तो डोळा दिसला की पंखांपर्यंत जायची गरज उरत नाही. भुवई आणि काळा डोळा असेल तर धाकटा, भुवई नाही आणि पिवळा डोळा असेल तर थोरला. सगळं ओळखणं इतक्यावर येऊन ठेपतं, आणि हे इतकंच मनात पक्कं असणाऱ्याला उरलेला पक्षी निवांत बघता येतो.

आवाजात तर त्यांचं नातंही लागत नाही. थोरल्याची हाक म्हणजे एकच लांब, पोकळ 'हूऽऽऽप', अवकाश घेऊन पुन्हा तीच. रात्री घुबडाची वाटावी अशी, पण भर दिवसा येणारी, आणि कुठून येते हे कळू न देणारी. आफ्रिकान्स भाषेत त्या पक्ष्याला भुताचा पक्षी म्हणतात ते या हाकेमुळे. धाकट्याची ती आखीव शिट्ट्यांची माळ आणि थोरल्याची ही एकाकी हाक ज्याने एकेकदा नीट ऐकली आहे त्याला डोळे मिटून दोघे वेगळे करता येतात. दक्षिण आफ्रिकेतले जुने पक्षीनिरीक्षक ऑस्टिन रॉबर्ट्स यांच्या ग्रंथाच्या परंपरेतून आलेल्या क्रमांकांनी पक्ष्यांची नावं घेतात. त्या यादीत नारिंगी छातीचा ७४८ आणि राखाडी डोक्याचा ७५१. यादीतही दोघे असे हाकेच्या अंतरावर.

हे दोघे एकसारखे का, हा प्रश्न मात्र रंगांची नुसती गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पॅट्रिशिया हॉल, रेजिनाल्ड मोरो आणि गॅलब्रेथ या तिघा पक्षिशास्त्रज्ञांनी १९६६ साली 'आयबिस' या नियतकालिकात या गटावर एक निबंध लिहिला. त्यांनी दाखवलं की ही एकच जोडी नाही. आफ्रिकेच्या बुशश्राइकांत मोठ्या चणीची एक मालिका आहे आणि लहान चणीची दुसरी, आणि या दोन मालिकांमधले रंग एकमेकांना समांतर जातात. सवाना रानात मोठा आणि लहान सारखे, तर पर्जन्यवनात मोठा आणि लहान सारखे, पण वेगळ्या धर्तीचे. म्हणजे हे साम्य योगायोगाने एकदाच घडलेलं नाही. एक तर्क असा की लहान पक्ष्याला मोठ्याचं रूप घेण्यात फायदा असावा: ज्या पक्ष्यांना मोठ्याची धास्ती आहे ते लहानालाही वचकून राहतील, किंवा मोठा लहानाला आपल्यातलाच समजून सोडून देईल. यातलं कुठलं खरं, की रानाच्या उजेडामुळेच दोघांना तेच रंग परवडतात, याचा निकाल एका वाक्यात लागणारा नाही. पण मला या निबंधाचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं. तो वाचल्यावर फांदीवरच्या पक्ष्याचा रंग त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्या रंगात दुसऱ्या कुणाचा तरी संदर्भ आहे हे कळतं, आणि मग ती पिवळी भुवई आणखी मोलाची होते. सगळा पोशाख सारखा असताना भुवई तेवढी त्याची स्वतःची.

आता छातीवरच्या नारिंगीबद्दल. रने लेसों या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ साली या जातीला शास्त्रीय नाव दिलं ते छातीच्या गंधकी पिवळ्यावरून. पूर्व आफ्रिकेतले लोक आजही त्याला सल्फर-ब्रेस्टेड म्हणतात, दक्षिणेतले ऑरेंज-ब्रेस्टेड. एकाच छातीत दोघांना दोन रंग दिसले, यावरूनच या खुणेवर किती विसंबावं ते समजावं. नारिंगी झाक कुणात गडद, कुणात फिकी, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तर साधं पिवळंही नारिंगी होतं. थोरल्याच्या छातीचं तर विचारूच नका. काही प्रदेशांत ती नुसती पिवळी, काही ठिकाणी तांबूस नारिंगी.

या संपूर्ण कुळातच छातीचा रंग चंचल आहे. बोत्सवाना-नामिबियाच्या कोरड्या रानात क्रिमझन-ब्रेस्टेड श्राइक नावाचा याच कुळातला पक्षी आहे. पाठ काळी, खालून लालभडक. त्याच्यातच क्वचित एखादा लालाच्या जागी पिवळा निघतो, बाकी सगळं जसंच्या तसं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या मेनी-कलर्ड बुशश्राइकमध्ये तर एकाच जातीत कुणाची छाती लाल, कुणाची नारिंगी, कुणाची पिवळी, कुणाची काळी. आणि सोमालियातल्या बुलो बुर्टीची गोष्ट तर प्रत्येक पक्षीनिरीक्षकाने लक्षात ठेवावी. १९८८ साली तिथल्या रुग्णालयाच्या आवारात याच कुळातला एक अनोळखी पक्षी दिसला. त्याला पकडलं, रक्त आणि पिसांचे नमुने घेतले, काही काळ सांभाळलं, आणि १९९० साली जिवंत सोडून दिलं. संग्रहालयासाठी मारायचं नाही हा निर्णय त्या काळात धाडसाचा होता. १९९१ साली त्याला नवी जात म्हणून जाहीर केलं. पुढे २००८ साली डीएनएच्या अभ्यासातून निघालं की ती नवी जात नव्हतीच. आधीच माहीत असलेल्या एका काळ्या जातीचं ते वेगळं रंगरूप होतं. त्या पक्ष्याला सोडून देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पिसांनी सांगितलेलं आणि रक्ताने सांगितलेलं एक नव्हतं, इतकंच.

पण खूण म्हणून कच्ची ठरली म्हणून ती छाती बघायची नाही असं थोडंच आहे! उलट. भुवईने ओळख पटली की छातीकडे परत यावं आणि मग ती निर्धास्तपणे बघावी. पक्ष्यांच्या अंगातला बहुतेक शेवाळी हिरवा हा मुळात पिवळा आणि काळसर यांच्या मिश्रणातून झालेला असतो. म्हणजे या पक्ष्याच्या पाठीचा हिरवा आणि पोटाचा पिवळा यांचं मूळ एकच, पाठीवर त्यात काळोख मिसळला आहे इतकाच फरक. आणि पिवळ्याचाच सूर चढवत नेला की नारिंगी. तेव्हा चार रंगांचा वाटलेला पक्षी प्रत्यक्षात दोनच रंगांचा आहे: पिवळ्याच्या तीन छटा आणि वर राखाडी टोपी. हे समजल्यावर तो पानांत का हरवतो तेही उलगडतं. काटेरी झाडांची पानं बारीक, त्यातून झिरपणाऱ्या उजेडाचे तुकडेही पिवळे-हिरवे. इतका उजळ रंग तिथे लपण्याच्या कामी येतो. माणसाच्या हातात आलेला हा पक्षी भडक दिसतो, झाडातला दिसत नाही.

पिल्लांच्या बाबतीत मात्र वर सांगितलेला सगळा क्रम कोलमडतो. नुकत्याच उडालेल्या पिल्लाला पिवळी भुवई नसते, काळी पट्टी नसते, छातीवर नारिंगी नसते. डोकं राखाडी, त्यावर पुसट आडव्या रेघा, खालचं अंग फिकट पिवळं. म्हणजे जे जे धाकट्याचं स्वतःचं होतं ते सगळं गायब, आणि जे थोरल्याशी सामाईक होतं तेवढंच शिल्लक. इथे चोच बघावी. थोरल्याचं पिल्लूही चोचीने दांडगं असतं, याची चोच लहानखुरी. किंवा आणखी चांगलं, थांबावं. पिल्लू भुकेचा गलका करतंच, आणि भुवईवाला चारा घेऊन येतो.

घरटं अगदी विरळ, काटक्या आणि मुळ्यांची पातळ बैठक, कबुतर-होल्यांच्या घरट्यासारखी. अंडी बहुधा दोन. इतक्या देखण्या पक्ष्याने घरट्यावर इतकी कमी मेहनत घ्यावी, पण निभतं त्याचं.

जोडीची एक सवय मला विशेष वाटते. नर-मादी रंगाने सारखी, मादी थोडी फिकी, आणि दाट पानांत एकमेकांना दिसत नसताना ती आवाजाने एकमेकांचा ठाव ठेवतात. या कुळातल्या बूबू नावाच्या पक्ष्यांनी तर यात कमाल केली आहे. विल्यम थॉर्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या बूबूंची जुगलबंदी तपासली. एकाचा स्वर संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो यातलं अंतर इतकं कमी आणि इतकं नेमकं, की ऐकणाऱ्याला एकच पक्षी गातो असं वाटतं. म्हणून बुशश्राइकांच्या रानात कानावर पडलेल्या एका गाण्यामागे दोन पक्षी असू शकतात ही शक्यता कायम धरून चालावं.

आणखी एक नातं आपल्या दारापर्यंत येतं. नावात श्राइक असलं तरी हे आपल्या खाटकाचे सख्खे नव्हेत. गेल्या काही दशकांतल्या डीएनए अभ्यासांनी खाटकांना कावळ्यांच्या जवळ नेऊन बसवलं, आणि बुशश्राइकांना मादागास्करच्या वांगा पक्ष्यांच्या जवळ. त्याच मोठ्या गोतावळ्यात आपला सुभगही येतो. बाभळीच्या डहाळीत पिवळा-हिरवा सुभग पानं चाळत फिरतो, आणि मध्येच लांबलचक शिट्टी देतो. ज्याने विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या बाभुळबनात ती शिट्टी ऐकून पक्षी शोधायचा प्रयत्न केला आहे, त्याच्या डोळ्यांना आफ्रिकेतलं हे काम नवं वाटणार नाही. झाडसुद्धा ओळखीचं: आपली बाभूळ आफ्रिकेतही मूळचीच आहे. मी हे साम्य नात्याचा पुरावा म्हणून सांगत नाही, पुरावा डीएनएचा. पण बघण्याचा सराव इथला तिथे उपयोगी पडतो हे खात्रीने सांगेन.

हल्ली केनियाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या बरीच आहे, आणि त्यांच्यासाठी हा पक्षी मुळीच दूरचा नाही. मसाई माराच्या नदीकाठच्या राईत आणि बरिंगो सरोवराच्या भोवतालच्या काटेरी रानात तो आहे. गाडीतून त्याला बघायला जाऊ नये. गाडी सिंहांसाठी धावते, आणि या पक्ष्याला स्थिर उभं राहणारा माणूस लागतो. दुपारी मुक्कामाच्या आवारात, बाकीचे विश्रांती घेत असताना, उंच काटेरी झाडाखाली उभं राहावं. मोबाइलवर त्याची शिट्टी वाजवली तर तो दुसरा नर आल्याच्या समजुतीने पुढे येतो, हे खरं. पण विणीच्या काळात त्याला असं वारंवार हाकलून दमवणं योग्य नाही, आणि त्याची गरजही नसते. तो आपण होऊन शिट्टी देतो. लहान पक्ष्यांचा मिश्र थवा झाडातून सरकताना दिसला तर त्यात हमखास शोधावा, कारण त्याला अशा थव्याबरोबर फिरायला आवडतं. आणि दिसला की छातीवर अडकून न पडता दुर्बीण थेट डोक्यावर न्यावी, डोळा काळा आहे की पिवळा ते पाहावं.